बचाव हवा, पण त्याला तोडही हवी



आजचं बोलणं व्हिडिओ गेमवर आहे. पण ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही त्यांनी लगेच स्टेशन बदलू नका. तुम्ही लहानपणी कबड्डी खेळला असाल, आजीबरोबर सोंगट्या खेळला असाल, किंवा घरात एखाद्या वयात आलेल्या मुलाशी वाद घालत असाल, तर हे तुमच्यासाठीसुद्धा आहे.

आम्ही श्टुटगार्टच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेनला राहतो. पोर्शचा कारखाना आणि म्युझियम असलेलं हे उपनगर. मी आयटी सल्लागार आहे, एमबीए केलेली, चाळिशी ओलांडलेली. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीत आहे.

जर्मनीत रविवार म्हणजे शांततेचा दिवस. ड्रिल मशीन चालवायचं नाही, कार्पेट झटकायचं नाही. अशाच एका रविवारी दुपारी आमच्या लेकाच्या खोलीतून आरोळी आली. पाठोपाठ हेडफोन टेबलावर आपटल्याचा आवाज. मी दार उघडलं. "हरलास का?" तो म्हणाला, "आई, हरल्याचं काही नाही गं. मी सगळं बरोबर केलं. मागून गेलो, नेम धरला, तो मरणारच होता. त्यानं एक बटण दाबलं आणि त्याला काही होईनासं झालं. मी काय करायचं होतं? सांग ना, मी काय करायचं होतं?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दहा मिनिटांनी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी दारात. मला वाटलं, आता तक्रार. पण आजींच्या हातात एक जुना लाल खोका होता. हसून म्हणाल्या, "ज्याला राग येतो त्यानं हे खेळावं. खोक्यावरच लिहिलंय." खेळाचं नाव होतं, 'मेन्श एर्गेरे दिश निष्ट'. म्हणजे, अरे बाबा, चिडू नकोस.

हा खेळ जर्मनीत घरोघरी असतो. म्युनिकच्या योसेफ फ्रीडरिश श्मिट यांनी तो 1907-08 च्या हिवाळ्यात आपल्या मुलांसाठी बनवला. पुढं पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी याचे 3000 संच लष्करी इस्पितळांना पाठवले, आणि घरी परतणाऱ्या सैनिकांबरोबर खेळ देशभर पसरला. आजींनी पट उलगडला आणि मी म्हटलं, अहो, हा तर आमचा ल्युडो! खरंच आहे ते. इंग्रजांचा ल्युडो आणि जर्मनांचा हा खेळ, दोन्ही आपल्या पचिसीची पोरं.

फरक मात्र एक आहे. माझ्या आजीच्या कापडी पटावर फुल्या होत्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नसे. आज मोबाइलवर कोट्यवधी लोक खेळतात तो ल्युडो किंग नवी मुंबईतल्या गेमशननं बनवलेला आहे, आणि त्यातही चांदणीची सुरक्षित घरं आहेत. जर्मन पटावर मात्र वाटेत फुलीही नाही आणि चांदणीही नाही. 40 घरांच्या वाटेवर तुमची सोंगटी शेवटच्या क्षणापर्यंत उघडी. अगदी दारात आली तरी कुणीतरी मागून येऊन तिला परत पाठवतो.

म्हणजे बघा, लेक चिडला होता समोरच्याकडे बचाव होता म्हणून. आणि या खेळात बचावच नाही, म्हणून त्याचं नावच 'चिडू नकोस'. मग नेमका राग येतो कशाचा?

त्या दिवशी चार डाव झाले. आजींनी माझ्या लेकाला निदान सहा वेळा घरी पाठवलं. तो ओरडला, हसला, पुन्हा फासा मागितला. हेडफोन आपटणारा हाच मुलगा का, असं मला वाटलं. मग एक नियम माझ्या ध्यानात आला. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. एका फेकीत सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणजे सुमारे 17 टक्के. पण पटावर तुमची एकही सोंगटी चालती नसेल, तर तुम्हाला एका पाळीत तीन फेकी मिळतात. तीनपैकी एकदा तरी सहा पडण्याची शक्यता होते सुमारे 42 टक्के. ज्याच्या हातात काहीच उरलं नाही, त्याला खेळ स्वतःहून काहीतरी देतो. मार खावा लागतो, पण नुसतं बघत बसावं लागत नाही.

माझं म्हणणं इथंच सुरू होतं. हरल्याचा राग लवकर विरतो. "मी काय करायचं होतं?" याला उत्तर नसलं की येणारा राग टिकतो. बचाव कितीही भक्कम असू द्या, समोरच्याला काहीतरी करता आलं पाहिजे.

आता कबड्डीकडे येऊ. मी कराडची. शाळेच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे, त्यामुळे बचावाची बाजू मला आतून माहीत आहे. आपल्या या खेळाची जर्मनीशी एक जुनी ओळखही आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, त्यात कबड्डीही होती.

हुतूतूचे पूर्वी तीन प्रकार होते. अमर, गामिनी आणि संजीवनी. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, नुसता गुण मोजला जायचा. गामिनीमध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून राहायचा. आणि संजीवनीमध्ये तुमच्या संघानं समोरचा एक गडी टिपला की तुमचा एक गडी जिवंत होऊन आत यायचा. आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे. विचार करा, गामिनी का मागं पडली असेल? मला तरी वाटतं, पहिल्याच मिनिटाला बाद होऊन रेषेबाहेर माती उकरत बसणं कुणाला आवडेल? अमरमध्ये उलटं होतं. बाद होण्याची काही किंमतच नाही. संजीवनीनं मधला रस्ता काढला. बाद झालास तर बाहेर बस, पण तुझे सोबती तुला परत आणू शकतात.

बचावाचंही तसंच. कबड्डीत बचाव करणारे सात आणि चढाई करणारा एक. सातांनी साखळी करून मागं उभं राहायचं आणि चढाई करणाऱ्यानं मध्यरेषेजवळ नाचून परत जायचं, असं चाललं असतं तर प्रेक्षक घरी गेले असते. म्हणून नियमांनी दोन्हीकडून लगाम घातले. चढाई करणाऱ्यानं मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तोच बाद. त्याला दमाची मर्यादा होतीच, आता 30 सेकंदांचं घड्याळही आहे. बचावातले सहा किंवा सात गडी मैदानात असतील तर त्याला बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण कमावता येतो. म्हणजे पुरा संघ मागं दडून राहिला तर त्यालाही किंमत मोजावी लागते.

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली, आणि तिच्यामुळे आणखी दोन नियम घरोघरी पोचले. एक, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. दोन, अव्वल पकड. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. हा दुसरा नियम मला फार आवडतो. बचाव दुबळा झाला की त्याला हत्यार मिळतं. पण ते लपवून दिलेलं नसतं. चढाईपटूला आत जाण्याआधीच दिसत असतं की समोर तिघं आहेत, पकडलो गेलो तर दोन गुण जाणार. धोका पत्करायचा की नाही हे तो ठरवतो. आणि पकडला गेला तर कपाळावर हात मारून घेतो, पण "मी काय करायचं होतं?" असं विचारत नाही. त्याला उत्तर माहीत असतं.

आता व्हिडिओ गेमकडे. यात प्रत्येक पात्राला काही खास शक्ती असतात. मुलं त्यांना अ‍ॅबिलिटी म्हणतात. काही हल्ल्याच्या, काही बचावाच्या. ढाल उभी करणं, क्षणभर अदृश्य होणं, काही काळ कशाचाही परिणाम न होणं. एकदा वापरली की पुन्हा वापरण्याआधी थांबावं लागतं, त्याला कूलडाउन म्हणतात. सगळं बचावाचं गणित या थांबण्यात आहे.

हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनाही जुना आहे. लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सचे टॉम कॅडवेल यांनी 2010 च्या सुमारास खेळाच्या आखणीतल्या चुकांची एक यादी लिहिली होती. तिच्यातला एक मुद्दा साधा आहे. एखादी शक्ती वापरणाऱ्याला जेवढी मजा देते, त्याहून जास्त समोरच्याची मजा मारत असेल, तर ती खेळात नको. त्यांचं उदाहरण होतं शत्रूचा मंत्रशक्तीचा साठा जाळून टाकण्याचं. साठा जाळणाऱ्याला फारसं काही जाणवत नाही. ज्याचा जळतो त्याला मात्र आपली कुठलीच कला वापरता येत नाही. एकाची चिमूटभर मजा आणि दुसऱ्याचा अख्खा डाव वाया.

दुसरं उदाहरण ब्लिझार्डच्या ओव्हरवॉचचं. हा खेळ 2016 मध्ये आला. सहा विरुद्ध सहा. 2019 मध्ये नियम झाला की प्रत्येक संघात दोन दणकट रक्षक, दोन हल्लेखोर आणि दोन मदतनीस असलेच पाहिजेत. त्याच वर्षी सिग्मा नावाचा नवा रक्षक आला, त्याच्याकडे हवेत तरंगणारी ढाल. ओरिसा नावाच्या जुन्या रक्षकाकडेही ढाल होतीच. खेळाडूंनी दोघांना एकत्र आणलं. एक ढाल फुटेपर्यंत दुसरी तयार. समोरचे सहा जण नुसते ढालीवर गोळ्या झाडत बसलेले. खेळाडूंची ओरड झाली, आणि ती बराच काळ चालली. 2022 मध्ये ओव्हरवॉच 2 आला तेव्हा संघ पाचांचा झाला, रक्षक एकच उरला, आणि ओरिसाची ढाल काढून तिच्या हातात फेकायचा भाला दिला गेला. मेई नावाच्या पात्राचं साधं हत्यार शत्रूला हळूहळू पुरतं गोठवून टाकायचं. तेही बदललं, आता ते फक्त वेग कमी करू लागलं. कारण गोठलेला खेळाडू म्हणजे गामिनीतला बाहेर बसलेला गडी. खेळात आहे, पण खेळत नाही.

त्याच खेळातल्या दोन शक्ती शेजारी ठेवून बघा. बाप्टिस्ट नावाचं पात्र एक यंत्र फेकतं. त्याच्या घेऱ्यात असलेले त्याचे सोबती मरत नाहीत. भयंकर वाटतं ना? पण ते यंत्र डोळ्यांना दिसतं, आणि गोळ्या घालून फोडता येतं. म्हणजे समोरच्यानं लगेच काय करायचं हे ठरलेलं आहे. किरिको नावाच्या पात्राकडे एक मंतरलेली घंटा आहे. ती फेकली की जवळचे सोबती क्षणभर कशानंही जखमी होत नाहीत. क्षणभर म्हणजे एका सेकंदाहूनही कमी. पण त्या क्षणात समोरच्याला करण्यासारखं काही नसतं. ती आधी वापरायला लावणं, मोजणं, वाट बघणं, एवढंच. जाणत्या खेळाडूला ते जमतं. नवख्याला फक्त एवढंच कळतं, की मी बरोबर मारलं आणि काहीच झालं नाही. यंत्राचा बचाव जास्त वेळ टिकतो, तरी घंटेवर जास्त कुरकुर होते. वेळ कमी असला म्हणून राग कमी होत नाही.

तर श्रोतेहो, कबड्डीच्या मैदानावरून आणि या पडद्यावरून मी चार प्रश्न काढले आहेत. कुठलाही बचाव न्याय्य आहे का हे तपासायला ते पुरतात. एक, तो समोरच्याला दिसतो का? दोन, वापरणाऱ्याला त्याची काही किंमत पडते का? तीन, तो कधी संपणार हे ठरलेलं आहे का? आणि चार, त्याला तोड आहे का? सगळ्या चारींची उत्तरं 'हो' असली पाहिजेत असं नाही. पण चारही 'नाही' असतील, तर समोरचा माणूस हेडफोन आपटणार, किंवा गप्पपणे खेळ सोडून जाणार. दुसरं जास्त वाईट.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी बचावपटू होते. राग येतो म्हणून बचाव काढून टाकला तर खेळच उरत नाही. ज्याचा नेम चांगला तो जिंकणार, बाकीच्यांनी मरायला यायचं. दुबळ्याला टिकून राहण्यासाठी ढाल लागतेच. अव्वल पकडीसारखी, सगळ्यांना दिसणारी.

ऑफिसात हे प्रश्न मी रोज वापरू शकले असते, पण सुचलं नव्हतं. आमच्याकडे तक्रारींची नोंद होते. नोंद 'ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत आहोत' या रकान्यात टाकली की घड्याळ थांबतं. थांबवणाऱ्याला किंमत शून्य, आणि ग्राहकाला कळतही नाही. मीही कित्येकदा हे बटण दाबलं आहे. ग्राहक फोनवर चिडले की आम्ही म्हणायचो, किती तापट लोक आहेत.

आणि आता घरातलं.

त्या रविवारी रात्री मी लेकाला हे सगळं मोठ्या हुशारीनं सांगितलं. चार प्रश्न, कबड्डी, संजीवनी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, म्हणजे तुझं ते 'आत्ता नाही, नंतर बोलू'."

मी विचारलं, "काय माझं?"

"तुझी अ‍ॅबिलिटी. कूलडाउन नाही. कितीही वेळा वापरता येते."

त्याला दहावीनंतर गिम्नाझियुम सोडायचं आहे. आबिटुर करून विद्यापीठात जाण्याऐवजी त्याला मेकॅट्रॉनिक्सची आउसबिल्डुंग करायची आहे. साडेतीन वर्षं, कारखान्यात काम आणि सोबत शाळा. इथं हा मानाचा रस्ता आहे, आमच्या इमारतीतले निम्मे लोक त्याच रस्त्यानं आले. पण मी कराडहून पुणं, पुण्याहून इथं, डिग्रीच्या शिडीनं आलेली. त्यानं विषय काढला की माझ्या पोटात गोळा यायचा आणि तोंडातून निघायचं, आत्ता नाही, मला मीटिंग आहे. मार्चपासून तो विचारत होता. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या जागांसाठी साधारण वर्षभर आधी अर्ज करावे लागतात. त्याचं घड्याळ चालूच होतं, थांबलेलं फक्त माझं होतं.

मी चार प्रश्न स्वतःला लावून पाहिले. माझा बचाव दिसतो का? नाही, तो कामाच्या नावाखाली लपलेला. मला किंमत पडते का? नाही. कधी संपणार ठरलंय का? नाही. त्याला तोड आहे का? तोड एकच होती, ओरडणं. आणि ओरडला की मी म्हणायचे, गेममुळे बिघडलाय.

आम्ही घरात एक नियम केला. कबड्डीतूनच घेतला. कुठलाही विषय कुणीही दोनदा पुढं ढकलू शकतो. कारण सांगायची गरज नाही. दमून आलो असू, मनाची तयारी नसेल, ढाल सगळ्यांनाच लागते. पण तिसऱ्या वेळी 'करो या मरो'. बसायचं आणि बोलायचं. फ्रिजवर एक कागद लावला आहे, त्यावर फुल्या मारतो. त्यामुळे कुणाच्या किती ढाली उरल्या हे सगळ्यांना दिसतं. लेकाच्याही उरलेल्या दिसतात, हं. खोली आवरण्याच्या विषयावर त्याच्या दोन्ही संपल्या आहेत.

त्याच्या अर्जाचा विषय तिसऱ्या फुलीला आला तेव्हा आम्ही दीड तास बोललो. माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, चिडला नाही. एक अर्ज तो लिहितो आहे, आणि आबिटुरच्या वर्गाची माहितीही आणणार आहे. काय होईल ते मला माहीत नाही. पण "मी काय करायचं होतं?" असं तो आता मला विचारत नाही.

तुमच्या घरी कुणी पडद्यासमोर ओरडत असेल, तर हरलास का असं विचारू नका. तुला काय करता आलं असतं, असं विचारा. उत्तर ऐकायला वेळ ठेवा. आणि तुमची स्वतःची ढाल कुठली, ती घरातल्यांना दिसते का, हेही एकदा बघा.

खालच्या आजींचा लाल खोका अजून आमच्याकडेच आहे. दर रविवारी त्या चहाला येतात आणि आम्हाला घरी पाठवतात.